इंग्रजीतील क्रियापद, कर्मरूप सर्वनाम आणि दुसरे क्रियापद : एका वाक्यरचनेचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :
'आय वॉन्ट हिम टू गो', 'आय मेड हिम गो', 'आय सॉ हिम गोइंग' या इंग्रजी वाक्यांत मुख्य क्रियापदानंतर कर्मरूप सर्वनाम आणि त्यानंतर दुसरे क्रियापद येते. दुसऱ्या क्रियापदाचे रूप मात्र प्रत्येक वेळी वेगळे असते. कोठे 'टू' लागतो, कोठे लागत नाही, तर कोठे 'इंग' हा प्रत्यय येतो. शालेय व्याकरणात हे भेद पाठ करावयाच्या याद्यांच्या रूपाने शिकविले जातात. प्रस्तुत शोधनिबंधात या रचनेचा प्राचीन इंग्रजीपासून विसाव्या शतकापर्यंतचा विकास तपासला असून, आजचे नियम हे तर्काने घडलेले नसून विभक्तिलोप, शब्दक्रमातील बदल, लॅटिनचा प्रभाव आणि व्याकरणकारांची निवड या ऐतिहासिक प्रक्रियांतून घडले आहेत, असे प्रतिपादन केले आहे. त्या अनुषंगाने मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या काही 'चुकां'चाही पुनर्विचार केला आहे.

बीजशब्द : इन्फिनिटिव्ह, कर्मरूप सर्वनाम, विभक्तिलोप, प्रयोजक क्रियापद, इंग्रजी व्याकरणाचा इतिहास, मराठी भाषक विद्यार्थी.

प्रस्तावना :
महाराष्ट्रात इंग्रजी भाषेच्या औपचारिक अध्यापनाला दीर्घ परंपरा आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून इंग्रजीचे स्थान पक्के झाले. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. या दीर्घ काळात पाठ्यपुस्तके बदलली, अध्यापनपद्धती बदलल्या. परंतु उत्तरपत्रिकांतील काही चुका मात्र पिढ्यानपिढ्या तशाच राहिल्या. 'ही मेड मी टू वेट', 'आय वॉन्ट दॅट ही शुड कम', 'शी सजेस्टेड मी टू रीड' ही वाक्ये इंग्रजीच्या कोणत्याही शिक्षकाला परिचित आहेत. त्यांखाली लाल रेघ ओढली जाते आणि योग्य रूप वर लिहिले जाते. ते रूप योग्य का, याचे उत्तर बहुधा 'तसा नियम आहे' एवढेच असते.

वस्तुतः या तीन वाक्यांपैकी पहिल्या दोन वाक्यांची रचना इंग्रजी भाषेला कधीही परकी नव्हती. मग ती चूक केव्हा ठरली आणि कशामुळे ठरली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. प्रस्तुत निबंध त्याच प्रश्नाचा शोध घेतो.

उद्दिष्टे :
१. क्रियापद, कर्मरूप सर्वनाम आणि दुसरे क्रियापद या इंग्रजी रचनेच्या ऐतिहासिक विकासाचा आढावा घेणे.
२. 'टू'सहित आणि 'टू'विरहित रूपांमधील भेदाची कारणे तपासणे.
३. या रचनेविषयीचे नियम व्याकरणग्रंथांत कसे स्थिर झाले ते पाहणे.
४. मराठीतील समांतर रचनांशी तुलना करून अध्यापनाच्या दृष्टीने निष्कर्ष काढणे.

अभ्यासपद्धती :
हा अभ्यास ऐतिहासिक आणि तुलनात्मक पद्धतीने केला आहे. इंग्रजी भाषेच्या इतिहासाचे प्राचीन (सुमारे ११५० पर्यंत), मध्यकालीन (सुमारे ११५० ते १५००) आणि आधुनिक (१५०० नंतर) हे रूढ कालखंड स्वीकारले आहेत. इंग्रजी रूपे देवनागरीत दिली असून उदाहरणवाक्ये विवेचनासाठी रचलेली आहेत.

१. प्राचीन इंग्रजी : दोन इन्फिनिटिव्ह आणि दोन विभक्ती
आजच्या इंग्रजीत क्रियापदाच्या मूळ रूपाला प्रत्यय नाही. प्राचीन इंग्रजीत तसे नव्हते. त्या भाषेत इन्फिनिटिव्हची दोन रूपे होती. एक, 'अन' प्रत्ययान्त साधे रूप; उदाहरणार्थ 'फरन', म्हणजे जाणे, प्रवास करणे. दुसरे, 'तो' या शब्दयोगी अव्ययानंतर येणारे 'एन्ने' प्रत्ययान्त रूप. उदाहरणार्थ 'तो फरेन्ने', म्हणजे जाण्यासाठी, जावयास. आजचे 'टू'विरहित रूप पहिल्याचे वारस आहे आणि 'टू'सहित रूप दुसऱ्याचे. हा भेद आज केवळ एका छोट्या शब्दाचा वाटतो. मुळात तो दोन स्वतंत्र रूपांचा भेद होता.

सर्वनामांच्या बाबतीतही अशीच संपन्नता होती. 'त्याला' या अर्थी द्वितीयेचे रूप 'हिने' होते, तर चतुर्थीचे रूप 'हिम' होते. कोणत्या क्रियापदापुढे कोणती विभक्ती यावी हे ठरलेले असे. 'हातन' (आज्ञा करणे), 'लॅतन' (होऊ देणे) आणि 'सेओन' (पाहणे) ही क्रियापदे द्वितीया घेत आणि त्यांच्यापुढे साधे इन्फिनिटिव्ह येई. 'ही हेत हिने फरन' म्हणजे 'त्याने त्याला जायची आज्ञा केली.' याउलट 'बेबेओदन' (फर्मावणे) हे क्रियापद चतुर्थी घेई. कारण ज्याला फर्मावले ती व्यक्ती फर्मानाची स्वीकारणारी असे. अशा चतुर्थी घेणाऱ्या क्रियापदांशी 'तो'सहित रूप अधिक जुळत असे. म्हणजे सर्वनामाच्या रूपावरूनच त्याचे नाते कळत होते.

या काळाचे आणखी एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. इच्छा, विनंती, आज्ञा या अर्थांसाठी प्राचीन इंग्रजीत स्वतंत्र उपवाक्य सर्रास वापरले जाई. 'इक विल्ले थॅत ही फरे' म्हणजे 'त्याने जावे अशी माझी इच्छा आहे.' येथे 'थॅत' हे आजचे 'दॅट' असून 'फरे' हे विध्यर्थी रूप आहे. या वाक्याचा सांगाडा आणि मराठी वाक्याचा सांगाडा यांतील साम्य लक्षणीय आहे. 'ही' हे सर्वनाम येथे कर्ता आहे, कर्म नाही.

२. विभक्तिलोप आणि त्याचे परिणाम
प्राचीन इंग्रजीच्या अखेरीस आणि मध्यकालीन इंग्रजीच्या आरंभी शब्दान्तीचे आघातहीन स्वर क्षीण होत गेले आणि त्याबरोबर विभक्तिप्रत्यय लोपले. उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेशी आलेल्या संपर्कानेही या प्रक्रियेला गती मिळाली. सर्वनामांत द्वितीया आणि चतुर्थी एकत्र आल्या. 'हिने' हे द्वितीयेचे रूप मागे पडले आणि चतुर्थीचे 'हिम' दोन्ही अर्थांनी वापरले जाऊ लागले. 'हर' हेही मूळ चतुर्थीचेच रूप होय. 'देम' हे तर स्कँडिनेव्हियन चतुर्थीच्या रूपातून आले. नपुंसकलिंगी 'इट' मात्र प्रथमा-द्वितीयेच्या जुन्या रूपातून टिकून राहिले.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. मराठी शालेय व्याकरणातही द्वितीया आणि चतुर्थी या विभक्तींचे 'स, ला, ते' हे प्रत्यय सारखेच आहेत. 'त्याला पाहिले' आणि 'त्याला दिले' यांतील 'त्याला' हे रूप एकच. नाते मात्र वेगळे. इंग्रजीतील 'हिम'ची अवस्था अगदी अशीच झाली. 'आय सॉ हिम गो' यातील 'हिम' हा मूळच्या द्वितीयेचा वारस, तर आज्ञा किंवा परवानगी देणाऱ्या क्रियापदांपुढील 'हिम' पुष्कळदा मूळच्या चतुर्थीचा. रूप एक झाल्यावर हा भेद केवळ क्रियापदाच्या अर्थात उरला.

इन्फिनिटिव्हचेही असेच झाले. 'अन' प्रत्ययाचे 'एन', मग 'ए' आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शून्य झाले. प्रत्यय गेल्यावर हे क्रियापदाचे मूळ रूप आहे, हे ओळखण्यासाठी काही खूण हवी होती. ती खूण 'टू'ने पुरविली. जो शब्द मुळात 'कडे, साठी' असा अर्थ सांगत होता, तो आता रूपाची ओळख सांगू लागला. त्याचा मूळ अर्थ इतका फिका झाला की, मध्यकालीन इंग्रजीत हेतू सांगण्यासाठी त्याच्या आधी 'फॉर' जोडून 'फॉर टू' असा दुहेरी प्रयोगही प्रचारात आला.

या प्रक्रियेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. 'टू'सहित रूपाने साध्या रूपाला हळूहळू हटविले, असे पूर्वी सर्वसाधारणपणे मानले जाई. बेटेलू लॉस यांनी २००५ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथात वेगळे मत मांडले. त्यांच्या मते 'टू'सहित रूपाने प्रामुख्याने जागा घेतली ती विध्यर्थी 'दॅट' उपवाक्याची. हे मत ग्राह्य धरले तर 'त्याने जावे असे' या सांगाड्याकडून 'त्याला जायला' या सांगाड्याकडे झालेले स्थित्यंतर हीच इंग्रजी वाक्यरचनेच्या इतिहासातील एक मध्यवर्ती घटना ठरते.

३. शब्दक्रम आणि सर्वनामाचे दुहेरी नाते
विभक्ती गेल्यावर नाते दाखविण्याचे काम शब्दक्रमावर आले. प्राचीन इंग्रजीत कर्म क्रियापदाच्या आधी येण्याची प्रवृत्ती, विशेषतः उपवाक्यांत, प्रबळ होती. मध्यकालीन इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम स्थिर झाला. या बदलाचा प्रस्तुत रचनेवर झालेला परिणाम ओल्गा फिशर यांनी १९८९ मधील आपल्या अभ्यासात दाखविला आहे.

प्राचीन इंग्रजीत 'त्याने पूल बांधायची आज्ञा केली' या अर्थी 'आज्ञा केली, पूल, बांधणे' असे शब्द येत. बांधणारा कोण हे सांगण्याची गरज नसे. 'पूल' हे 'बांधणे' या क्रियापदाचे कर्म असून ते त्याच्या आधी येत असे. पुढे कर्माची जागा क्रियापदानंतर निश्चित झाली. त्यामुळे क्रियापदाच्या आधी येणारे नाम हे कर्ता म्हणूनच वाचले जाऊ लागले. मग पूलच बांधणारा आहे की काय, असा विपरीत अर्थ होऊ लागला. यातून दुसऱ्या क्रियापदाचे कर्मणी रूप पुढे आले आणि 'ही ऑर्डर्ड द ब्रिज टू बी बिल्ट' ही आजची रचना रूढ झाली.

सर्वनामाच्या बाबतीत याचा अर्थ असा की, दोन क्रियापदांच्या मध्ये उभे असलेले 'हिम' आता दोन्ही बाजूंशी बांधले गेले. ते रूपाने मागील क्रियापदाचे कर्म आणि अर्थाने पुढील क्रियापदाचा कर्ता झाले. आजच्या विद्यार्थ्याला पडणारे कोडे येथेच जन्माला आले.

४. प्रयोजक क्रियापदे : 'डू', 'मेक' आणि 'लेट'
एखाद्याकडून काही करविणे हा अर्थ मराठी 'करवणे', 'पळवणे' अशा प्रत्ययसाधित रूपांनी किंवा 'करायला लावणे' अशा जोडरचनेने सांगते. मध्यकालीन इंग्रजीत यासाठी 'लेट', 'डू' आणि 'मेक' या क्रियापदांत स्पर्धा होती. पूर्वेकडील बोलींत 'डू' हे प्रयोजक म्हणून विशेष प्रचारात होते. करणारा न सांगता 'त्याने चर्च बांधविले' अशा अर्थी 'डू' वापरले की, 'बांधविले' आणि 'बांधले' यांतील सीमा पुसट होई. आल्वार एलेगोर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार आजचे साहाय्यक क्रियापद 'डू' या संदिग्धतेतूनच उत्पन्न झाले. ही उपपत्ती सर्वमान्य नसली तरी तिच्याशिवाय या विषयाची चर्चा पूर्ण होत नाही. 'डू'ने वेगळी वाट धरल्यावर प्रयोजकाचे मुख्य कार्य 'मेक'कडे आले.

'मेक'नंतर दुसऱ्या क्रियापदाला 'टू' लागावा की नाही, याविषयी शतकानुशतके निश्चिती नव्हती. मध्यकालीन लेखक दोन्ही रूपे वापरीत. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतरातही दोन्ही प्रकार आढळतात. त्यातील २३ वे स्तोत्र इंग्रजी भाषक जगात बहुधा सर्वांत परिचित असे स्तोत्र आहे आणि त्यात 'मेक', कर्मरूप सर्वनाम आणि त्यानंतर 'टू'सहित क्रियापद अशीच रचना आहे. म्हणजे 'ही मेड मी टू वेट' या रचनेला अत्यंत प्रतिष्ठित आधार होता. नंतरच्या काळात कर्तरी वाक्यात 'टू'विरहित रूप स्थिर झाले. कर्मणी वाक्यात मात्र 'ही वॉज मेड टू वेट' असा 'टू' आजही अनिवार्य आहे. 'सी' आणि 'हिअर' यांच्या बाबतीतही तसेच घडले. जो 'टू' कर्तरीत चूक, तोच कर्मणीत आवश्यक, हा विरोधाभास अर्थाच्या तर्काने उलगडत नाही. तो एका अर्धवट राहिलेल्या ऐतिहासिक स्पर्धेचा अवशेष आहे.

'लेट'ने मात्र प्राचीन काळापासून साध्या रूपाशी असलेले आपले नाते जवळजवळ अखंड ठेवले. 'हेल्प'चा प्रवास तर अद्याप चालू आहे. 'हेल्प हिम टू गो' आणि 'हेल्प हिम गो' ही दोन्ही रूपे आज शुद्ध मानली जातात. १९६१ मधील अमेरिकन आणि ब्रिटिश मुद्रित मजकुराचे प्रत्येकी सुमारे १० लाख शब्दांचे जे संग्रह तयार करण्यात आले, त्यांची तुलना १९९०च्या दशकाच्या आरंभीच्या तशाच संग्रहांशी केली असता 'टू'विरहित रूपाचा प्रसार स्पष्ट दिसतो. अमेरिकन इंग्रजी या बाबतीत पुढे असून ब्रिटिश इंग्रजी तिच्यामागोमाग गेली. नियम डोळ्यांदेखत बदलत असल्याचे हे उदाहरण आहे.

५. लॅटिनचा प्रभाव आणि 'वॉन्ट'चा उदय
लॅटिन भाषेत 'तो शहाणा आहे असे मी मानतो' हा आशय 'मी त्याला शहाणा असणे मानतो' अशा द्वितीया आणि इन्फिनिटिव्ह यांच्या रचनेने व्यक्त होतो. मानणे, जाणणे, सांगणे या अर्थाच्या क्रियापदांपुढे अशी रचना प्राचीन इंग्रजीत स्वाभाविक नव्हती. लॅटिनमधून केलेल्या भाषांतरांत ती तुरळक आढळते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी केलेली बायबलची भाषांतरे आणि पंधराव्या शतकातील रेजिनल्ड पेकॉक या बिशपचे विद्वत्तापूर्ण गद्य यांतून ती इंग्रजीत रुजली. 'आय बिलीव्ह हिम टू बी ऑनेस्ट' या वाक्याला आजही जो किंचित औपचारिक सूर आहे, त्याचे मूळ या विद्वत्परंपरेत आहे. बोलताना इंग्रज माणूस 'आय बिलीव्ह ही इज ऑनेस्ट' असेच सहसा म्हणतो.

'वॉन्ट'ची कथा याहून निराळी आहे. हे क्रियापद स्कँडिनेव्हियन भाषेतून आले आणि त्याचा मूळ अर्थ 'उणीव असणे' असा होता. ज्याची उणीव आहे ते हवेसे वाटते, या मार्गाने अठराव्या शतकात त्याला 'इच्छिणे' हा अर्थ आला. त्यानंतर 'आय वॉन्ट हिम टू गो' ही रचना रुळली आणि एकोणिसाव्या शतकात सर्वसामान्य झाली. म्हणजे आज इंग्रजीच्या प्राथमिक पाठांत शिकविले जाणारे हे वाक्य भाषेच्या दीर्घ इतिहासात बरेच अलीकडचे आहे. त्यापूर्वी हाच आशय 'विल', 'डिझायर', 'विश' इत्यादी क्रियापदांनी आणि अनेकदा 'दॅट' उपवाक्याने सांगितला जाई.

६. 'इंग' रूप आणि फाउलर-येस्पर्सन वाद
पाहणे, ऐकणे या क्रियापदांपुढे प्राचीन इंग्रजीत 'एन्दे' प्रत्ययान्त वर्तमानकालवाचक धातुसाधितही येत असे. क्रियावाचक नामाचा प्रत्यय 'उंग' किंवा 'इंग' हा वेगळा होता. मध्यकालीन इंग्रजीत ही दोन्ही रूपे 'इंग'मध्ये विलीन झाली. परिणामी 'आय सॉ हिम गोइंग' यातील विशेषणवजा रूप आणि 'आय डिसलाइक हिज गोइंग' यातील नामवजा रूप बाह्यतः एकच झाले.

या विलीनीकरणातून विसाव्या शतकात एक गाजलेला वाद निर्माण झाला. 'आय डिसलाइक हिम गोइंग' असे म्हणावे की 'हिज गोइंग' असे? हेन्री फाउलर आणि त्यांचे बंधू फ्रान्सिस यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द किंग्ज इंग्लिश' या ग्रंथात 'हिम गोइंग' या प्रकाराला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असे नाव देऊन त्याचा निषेध केला. पुढे हेन्री फाउलर यांनी तीच भूमिका 'सोसायटी फॉर प्युअर इंग्लिश' या संस्थेच्या पत्रिकेत मांडली. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी त्याच पत्रिकामालेत १९२६ मध्ये उत्तर दिले. मान्यवर लेखकांच्या गद्यातील प्रयोगांची साक्ष काढून ही रचना इंग्रजीची नैसर्गिक वाढ असल्याचे त्यांनी दाखविले. एक बाजू तर्कशुद्धतेची होती, दुसरी प्रत्यक्ष वापराची. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती असे येस्पर्सन या वादात वापराच्या बाजूने उभे राहिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

७. नियमांची यादी : मरे ते रेन आणि मार्टिन
इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मध्यमवर्गाचा विस्तार झाला आणि 'शुद्ध' भाषा शिकविणाऱ्या व्याकरणांना मागणी आली. रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ मध्ये, तर लिंडली मरे यांचे व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळचे अमेरिकन असलेले मरे यॉर्कजवळ स्थायिक झाले होते आणि तेथील मुलींच्या शाळेसाठी त्यांनी हा ग्रंथ लिहिला. तो पुढे ब्रिटन आणि अमेरिकेत प्रचंड खपला. 'टू'शिवाय दुसरे क्रियापद घेणाऱ्या क्रियापदांची यादी मरे यांनी नियमाच्या स्वरूपात दिली. त्या यादीत 'बिड', 'डेअर', 'नीड', 'मेक', 'सी', 'हिअर', 'फील' आणि 'लेट' यांचा समावेश होता.

त्यानंतर सुमारे १४० वर्षांनी भारतातील शाळांसाठी पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे व्याकरण आले. रेन यांनी मुंबई इलाख्यातील शिक्षणसेवेत काम केले होते. या ग्रंथातही 'टू'विरहित क्रियापदांची यादी आहे आणि ती मरे यांच्या यादीशी जवळजवळ जुळते. 'बिड' हे क्रियापद आज्ञा करणे या अर्थी इंग्रजी बोलण्यातून तोवर जवळपास नाहीसे झाले होते. पण यादीत ते अग्रभागी राहिले. उलट 'हेल्प'सारखे नित्य वापरातील आणि बदलत असलेले क्रियापद बाहेर राहिले. भारतातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ही यादी पाठ केली. ती इंग्रजीची जिवंत स्थिती दाखविणारी नसून एका जुन्या ग्रंथपरंपरेची वारस होती, हे त्यांना सांगितले गेले नाही.

परकीय विद्यार्थ्यांची गरज ओळखून वेगळी मांडणी करण्याचे श्रेय जपानमध्ये अध्यापन केलेल्या हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी यांच्याकडे जाते. पामर यांनी १९३८ मधील आपल्या ग्रंथात क्रियापदांचे रचनाबंध दिले. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुनःप्रकाशित केला. १९५४ च्या ग्रंथात हॉर्नबी यांनी २५ क्रियापदबंध मांडले. प्रत्येक क्रियापदाबरोबर त्याचा बंध शिकावा, ही त्यांची दृष्टी होती. तीत शुद्धाशुद्धतेच्या निवाड्यापेक्षा विद्यार्थ्याच्या अडचणीला अधिक महत्त्व होते.

८. आधुनिक भाषाविज्ञान
येस्पर्सन यांनी 'आय वॉन्ट हिम टू गो' या वाक्यात 'वॉन्ट'चे कर्म केवळ 'हिम' नसून 'हिम टू गो' हा संपूर्ण जोड आहे, असे प्रतिपादिले होते. १९६७ मध्ये पीटर रोझेनबॉम यांनी रूपांतरणात्मक व्याकरणाच्या चौकटीत अशा क्रियापदांचे वर्गीकरण केले. त्यातील भेद एका साध्या कसोटीने स्पष्ट होतो. 'डॉक्टरांनी त्याला तपासावे अशी माझी इच्छा आहे' आणि 'त्याची तपासणी डॉक्टरांकडून व्हावी अशी माझी इच्छा आहे' या दोन वाक्यांचा आशय एकच आहे. परंतु 'मी डॉक्टरांना त्याला तपासण्यासाठी राजी केले' आणि 'मी त्याला डॉक्टरांकडून तपासून घेण्यासाठी राजी केले' यांत राजी केलेली व्यक्तीच बदलते. म्हणून 'परस्वेड'पुढील नाम हे त्याचे खरे कर्म आहे. 'वॉन्ट'पुढील नाम मात्र आशयाने दुसऱ्या क्रियापदाचे आहे. पॉल पोस्टल यांनी १९७४ मध्ये 'बिलीव्ह'पुढील नाम उपवाक्यातून वर येऊन कर्म होते असे मांडले, तर नोम चॉम्स्की यांनी ते उपवाक्यातच राहते अशी भूमिका घेतली. चतुर्थी आणि द्वितीया एकरूप झाल्याने लपलेले भेदच या चर्चेत अंशतः पुन्हा उजेडात आले, असे म्हणता येईल.

९. मराठीशी तुलना
मराठी या आशयांसाठी एकच साचा वापरीत नाही. 'मी त्याला जायला सांगितले' यात 'त्याला' सांगण्याचे कर्म आहे आणि रचना इंग्रजीशी जुळते. 'मी त्याला जाऊ दिले' यात दुसऱ्या क्रियापदाचे 'ऊ'कारान्त रूप येते. 'मी त्याला जाताना पाहिले' यात धातुसाधित येते. इच्छेच्या बाबतीत मात्र वाट वेगळी होते. दोन्ही क्रियांचा कर्ता एक असेल तर 'मला जायचे आहे'. कर्ते भिन्न असतील तर 'त्याने जावे असे मला वाटते.' हा भेद भारतीय परंपरेला जुनाच आहे. इच्छार्थक धातूंबरोबर 'तुमुन्' प्रत्यय समानकर्तृक क्रियांसाठी सांगणारे सूत्र पाणिनीच्या अष्टाध्यायीत (३.३.१५८) आहे. कर्ता बदलला की संस्कृतातही 'इति'युक्त स्वतंत्र वाक्य येते.

या पार्श्वभूमीवर आरंभीची तीन वाक्ये पुन्हा पाहता येतील. 'आय वॉन्ट दॅट ही शुड कम' लिहिणारा विद्यार्थी मराठीचा सांगाडा इंग्रजीत नेतो हे खरे. परंतु तो सांगाडा प्राचीन इंग्रजीचाही होता. 'ही मेड मी टू वेट' लिहिणारा विद्यार्थी 'लावणे'पूर्वीच्या 'थांबायला' या रूपासाठी 'टू' योजतो. तोही १६११ च्या इंग्रजीत मान्य होता. 'शी सजेस्टेड मी टू रीड' हे तिसरे वाक्य मात्र निराळे आहे. 'सुचविणे' हे मराठी क्रियापद 'त्याला' घेते, पण लॅटिनमधून आलेल्या 'सजेस्ट'ने आजच्या प्रमाण इंग्रजीत हा बंध स्वीकारलेला नाही. म्हणजे तिन्ही चुका एकाच जातीच्या नाहीत आणि त्यांवरील उपायही एक असू शकत नाही.

निष्कर्ष :
१. 'टू'सहित आणि 'टू'विरहित रूपांतील भेद हा प्राचीन इंग्रजीतील दोन स्वतंत्र रूपांचा अवशेष आहे.
२. द्वितीया आणि चतुर्थी एकरूप झाल्याने आणि शब्दक्रम स्थिर झाल्याने कर्मरूप सर्वनामाला दुहेरी नाते प्राप्त झाले.
३. 'बिलीव्ह'चा बंध लॅटिनच्या विद्वत्परंपरेतून, तर 'वॉन्ट'चा बंध अर्थपरिवर्तनातून आला. त्यांचे बाह्य रूप सारखे असले तरी इतिहास भिन्न आहे.
४. शालेय व्याकरणातील याद्या अठराव्या शतकातील निवडीवर आधारलेल्या असून त्या आजच्या वापराशी पूर्णतः जुळत नाहीत.
५. मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या काही चुका इंग्रजीच्याच पूर्वावस्थेशी मिळत्याजुळत्या आहेत. त्यांचे वर्गीकरण करून अध्यापन केल्यास ते अधिक परिणामकारक होऊ शकेल.

समारोप :
या विवेचनाचा अर्थ विद्यार्थ्यांनी कसेही लिहावे असा नाही. परीक्षा, नोकरी आणि व्यवहार यांसाठी आजच्या प्रमाण इंग्रजीचे ज्ञान आवश्यकच आहे आणि ते देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. प्रश्न लाल रेघ ओढण्याचा नसून त्या रेघेमागील समजुतीचा आहे. ग्रामीण भागातून आलेला, घरात पहिल्यांदाच इंग्रजी शिकणारा विद्यार्थी आपली चूक ही आपल्या बुद्धीची उणीव समजतो आणि हळूहळू या भाषेपासून दूर जातो. त्याने लिहिलेले वाक्य चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये शुद्ध होते, आज ते तसे लिहीत नाहीत आणि त्याची कारणे ही आहेत, एवढे जरी त्याला सांगितले तरी नियमाची भीती जाऊन त्याजागी जिज्ञासा येऊ शकते. भाषेचा इतिहास वर्गात आणण्याचे प्रयोजन हेच आहे.